हसू नेमकं कोणावर येतं?

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. सोव्हिएत हुकूमशहाच्या १९५३मधल्या मृत्यूनंतरच्या सत्तासंघर्षावरच्या ‘द डेथ ऑफ स्टालिन’ या विनोदी सिनेमावर तुमचे आक्षेप दोन: जिथे लाखो माणसं मारली गेली तिथे विनोद सुचणं हा निगरगट्टपणा आहे, आणि सिनेमाने इतिहास वाकवलाय.

दुसरा आधी घेतो, तो चटकन निकालात निघतो. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा म्होरक्या बेरिया, त्याला अटक झाली २६ जून १९५३ला, गोळी घातली डिसेंबरात. सिनेमात सगळं अंत्यविधीच्या धामधुमीतच उरकतं. बरोबर आहे तुमचं. पण त्यामुळे सिनेमा भडक झाला, हे पटत नाही. मधले साडेतीन महिने स्टालिनचे बाकीचे सहकारी बेरियाच्याच शेजारी बसून बैठका करत होती. ते दाखवलं असतं तर सिनेमा आणखी काळा झाला असता!

आता विनोद. १ मार्चला स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. पहारेकऱ्यांना शंका आली, पण आत डोकावायची टाप कोणाची? रात्री उशिरा एकजण आत गेला, तेव्हा साहेब जमिनीवर पडलेले. डॉक्टर उगवले दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याचे स्वतःचे डॉक्टर विनोग्रादोव? ते तुरुंगात, ‘डॉक्टरांचा कट’ नावाच्या बनावट प्रकरणात. यातलं काहीही पटकथाकाराने रचलेलं नाही.

स्टालिनचा जुना सहकारी मोलोतोव्हचं घ्या. बायकोला, पोलिनाला, पक्षातून काढायच्या ठरावावर तो आधी तटस्थ राहिला. मग स्टालिनला पत्र लिहून ‘चुकलो’ म्हणाला. तिला अटक झाली ती झालीच. सिनेमात अटका थांबवायच्या ठरावावर हाच मोलोतोव्ह असं गोल गोल बोलतो, की हात वर करायचा की खाली घ्यायचा हेच बाकीच्यांना कळेना. प्रत्येकाचा डोळा शेजाऱ्याच्या हातावर. मी हसलो ते या हातांवर. बेरियाच्या अटकेच्या आणि गोळ्या घालायच्या यादीत ज्यांची नावं होती, त्यांच्यावर नाही.

एका ठिकाणी मात्र माझंही हसू अडकलं. कैद्यांना गोळ्या घालणं चालू असताना थांबायचा हुकूम येतो. एकजण नुकताच कोसळलाय, पुढचा वाचतो. त्या दृश्यावर बोट ठेवलं असतंत तर मी वाद घातला नसता. तिथे हसवायचंय की नाही, हे दिग्दर्शक इयानुचीचंच ठरलेलं नाही असं मला वाटतं.