‘पेन्शनीत बसून इतिहास’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

येशूच्या पुनरुत्थानाच्या (मेल्यावर पुन्हा उठण्याच्या) पुराव्यांवर मी लिहिलं. उठलेला येशू पाचशेंहून अधिक जणांना एकदम दिसला, असं त्याचा प्रेषित पौल पत्रात सांगतो, तेही त्यात होतं. त्याखाली तुम्ही म्हणता, “पाचशे साक्षीदार नाहीत, पाचशे साक्षीदार होते असं सांगणारा एकटा पौल आहे. पेन्शनीत बसून इतिहास लिहिणाऱ्यांनी आधी मूळ साधनं बघावीत.” पुढे चमत्कारांच्या साक्षीवर शंका घेणारा तत्त्वज्ञ ह्यूम, मग बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाबद्दलची माझी चूक, आणि जाता जाता ‘हीच फूटपट्टी मुक्ताईला लावाल का’ हा टोमणा.

मार्कचं आधी मिटवतो. साप उचलण्याचं वचन मी मार्कचं म्हणून दिलं. पण शेवटची 12 वचनं (16:9 ते 20) सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणजे ती मागाहून जोडलेली असावीत. चूक माझी, दुरुस्त करतो.

आता मूळ साधनं. हे तुम्ही कोणाला सांगताय? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मी मे महिन्याच्या सुट्ट्या मोडी वाचण्यात घालवल्या. बाहेर रस्त्यावर कुत्रं नसायचं अशा उन्हात. त्यानं पगार एक रुपयानं वाढला नाही. अस्सल कुठला आणि मागाहून केलेली नक्कल कुठली, हे अक्षराच्या वळणावरून ओळखायला डोळे खर्ची घालावे लागतात. आणि पेन्शनीचं म्हणाल, तर ती 28 वर्षं पोरांना शिकवल्याची आहे, कुणाच्या बापाची नाही. तुम्ही नोव्हेंबर 2005 नंतर, म्हणजे जुनी पेन्शन बंद झाल्यावर, नोकरीला लागला असाल, तर तुमचा राग मी समजू शकतो.

पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र साधारण 55 सालचं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांचं. प्राचीन इतिहासात इतक्या जवळचा कागद सहजी मिळत नाही. त्यात येशू दिसलेल्यांपैकी केफा (शिष्य पेत्र) आणि याकोब (येशूचा भाऊ) नावानिशी आहेत, आणि या दोघांना आपण यरुशलेमेत भेटलो असं पौलच गलतीकरांना लिहितो. पाचशेंची नावं नाहीत म्हणून हेही फेकायचं?

साक्ष कशी फुगते, ते मला शिकवू नका. मी नऊ वर्षांचा असताना बोरीला पूर आला आणि पाणी मारुतीच्या पायरीशी थांबलं. मोठ्या मायचा हात धरून मी तिथं उभा होतो. ती म्हणाली, “देवनी वाचाडं आमले.” पंचवीस वर्षांनी गाव सांगत होतं, मारुतीनं शेपूट आडवं टाकलं. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या रात्री गावातच नव्हते. (हो, पंचवीसच. लिहिताना माझ्याही लक्षात आलं. राहू दिलं.) पण पाणी थांबलं होतं, ते मी पाहिलंय. पौलाबद्दल माझं म्हणणं एवढंच होतं, की आपल्याला येशू दिसला असं त्या माणसांना मनापासून वाटत होतं, हे तो कागद दाखवतो. मेलेला माणूस उठला, हे त्या कागदानं सिद्ध होत नाही. हेही मी लिहिलं होतं, शेवटाकडे. तिथवर तुम्ही पोचला नसाल.

ह्यूमचा 1748 चा चमत्कारांवरचा निबंध मी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात बसून वाचलाय. नाव फेकलं म्हणजे मुद्दा झाला असं नसतं.

राहता राहिली मुक्ताई. तो विषय निराळा आहे. आमच्या घरातली माणसं दरवर्षी कोथळीहून पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातात. त्यावर इथं नको.