कोपराचा कायदा

संकष्टीच्या उपासाचं पुण्य मिळतं की नाही, ते वर गेल्यावर कळेलच. पण उपासामुळे माणूस बिअर पाँगचा अंपायर होऊ शकतो, हे मला जूनमधल्या एका शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी कळलं.

झालं असं की पुतण्याला पदवी मिळाली. (घोडा बावीस वर्षांचा आहे. तिकडे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय बिअरला हात लावता येत नाही, म्हणून वय आधीच सांगून टाकतो.) त्यानिमित्त दादाच्या मागच्या अंगणात पार्टी, आणि पार्टीत स्पर्धा. आठ संघ, प्रत्येकात दोघं. करंडक म्हणून वहिनींनी हळदीकुंकवाला लुटायला आणलेल्यातला एक स्टीलचा डबा, त्यावर मार्करने 'चॅम्पियन' लिहिलेलं. अंगणात न पिणारे तिघंच होते: मी, वहिनी आणि शेजाऱ्यांचा कुत्रा. वहिनी मोदकांच्या उकडीत गुंतलेल्या. कुत्रा चेंडू पळवत होता, म्हणजे त्याचे हितसंबंध गुंतलेले. उरलो मी.

"काका, तू अंपायर हो."

"अरे, मला खेळ कुठे येतो?"

"अंपायरला कुठे येतो?" पुतण्या म्हणाला. सांगलीत सलग सात वर्षं मी बँकांच्या आंतरशाखीय क्रिकेट स्पर्धेत अंपायर होतो. तेव्हाही माझ्याबद्दल हेच मत होतं.

खेळ तसा सोपा. आठ फूट लांब, दोन फूट रुंद टेबल. दोन्ही टोकांना लाल प्लॅस्टिकचे दहा-दहा कप, चार-तीन-दोन-एक असे, दहीहंडीचे थर जमिनीवर आडवे झोपवल्यासारखे. कपात थोडी थोडी बिअर. पलीकडच्या टोकाला उभं राहून टेबल टेनिसचा चेंडू समोरच्यांच्या कपात टाकायचा. पडला की समोरच्यांनी तो कप पिऊन बाजूला करायचा. ज्यांचे कप आधी संपले ते हरले. म्हणजे हरणाऱ्यालाच पाजायचं, त्यामुळे त्याचा नेम आणखी चुकणार, त्यामुळे तो आणखी पिणार. आमच्या बँकेत याला चक्रवाढ म्हणत.

या खेळाला इतिहासही आहे म्हणे. १९५० च्या दशकात डार्टमथ कॉलेजातली पोरं टेबल टेनिसच्या टेबलावर, हातात बॅट घेऊन, कपात बिअर ठेवून हे खेळत. पुढे इतरांनी बॅट टाकून दिली आणि हातानेच फेकायला सुरुवात केली. २००६ साली नेवाडात याची 'वर्ल्ड सीरिज' सुरू झाली आणि बक्षीस पुढे पन्नास हजार डॉलरपर्यंत गेलं. हा आकडा ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. शिवाय त्या स्पर्धेत बिअर प्यायची सक्तीही नव्हती. म्हणजे बिअर पाँगची शेवटची पायरी गाठली की बिअर आपोआप सुटते. आमच्या वाडीच्या कीर्तनकारबुवांनी आणखी वेगळं काय सांगितलं होतं?

"बरं, नियम काय?" मी विचारलं.

आणि तिथे माझ्या संध्याकाळचं वाटोळं झालं. प्रत्येकजण 'आमच्या कॉलेजात' अशी सुरुवात करून बोलू लागला. आमच्या कॉलेजात टप्पा टाकून चेंडू गेला तर दोन कप. आमच्याकडे टप्पा पडला की समोरच्याने चेंडू हाताने उडवला तरी चालतं. आमच्यात दोघांचेही चेंडू पडले तर दोन्ही परत मिळतात. मला एकदम आमची गल्ली आठवली. वन टप्पा आऊट, कुलकर्ण्यांच्या खिडकीत गेला तर आऊट आणि चेंडूही आणायचा, बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग. त्या नियमांनाही घटना समितीची मान्यता नव्हती. पण तिथे एक सोय होती. भांडण हाताबाहेर गेलं की अंगठा ओठाला लावून 'टॅम्प्लीज' म्हणायचं, आणि सगळं थांबायचं. अमेरिकेत टॅम्प्लीज नाही. तिथे ठाण्याची एक मुलगी होती.

ही पुतण्याची वर्गमैत्रीण, ऑगस्टमध्ये कायदा शिकायला जाणार होती. उंची पाच फूट, आवाज साडेसहा. "काका, आधी सगळं लिहून काढा," ती म्हणाली. "तोंडी नियम म्हणजे हरणाऱ्याचे नियम." मला ती एकदम आवडली. कागद आणला, मसुदा मी केला, फ्रिजवर चुंबकाने लावला. सात नियम झाले. अंतिम सामन्यापर्यंत त्यांचे अकरा झाले, कारण हरणाऱ्यांपैकी काहींनी जाताना एकेक नियम जोडायला लावला.

आता कोपराचं ऐका. नियम असा की फेकताना कोपर टेबलाच्या कडेच्या पुढे जाता कामा नये. वाचायला सोज्वळ. पण टेबलाच्या कडेपासून आभाळापर्यंत एक अदृश्य भिंत उभी आहे अशी कल्पना करायची, आणि माणसाने फेकलं त्या क्षणी त्याचं कोपर त्या भिंतीच्या अलीकडे होतं की पलीकडे ते ठरवायचं. आणि चेंडू सुटल्यानंतर हात पुढे गेला तर? तो गुन्हा की नुसती सवय? क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांपर्यंत सरळ करायची मुभा दिली, आणि ते अंश मोजायला प्रयोगशाळा आणि कॅमेरे लागतात. माझ्याकडे चष्मा होता. तोही वाचायचा.

त्यात पुतण्याचा जोडीदार मिनेसोटाचा, सहा फूट पाच इंच. त्याचं कोपर कडेच्या मागे असतानाही मनगट निम्म्या टेबलावर. ठाण्याची मुलगी म्हणाली, "काका, हा नियम सगळ्यांना सारखा आहे, पण न्याय्य नाही." मुद्दा बिनतोड. मग काय करायचं? उंचीप्रमाणे रेषा मागेपुढे सरकवायच्या? पासपोर्ट मागवायचे? गोट्या खेळताना हरणाऱ्याला गोटी कोपराने ढकलत न्यायला लावायचे, तेव्हा कोणी हात मोजले होते? आखूड हाताच्या माणसाला 'न्याय' म्हणणं म्हणजे कोपराला गूळ लावण्यासारखंच. दिसतो, पोचत नाही.

पहिल्याच सामन्यात चार वेळा 'कोपर!' अशी ओरड झाली. चारही वेळा ओरडणारा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ज्या कोनातून काहीही दिसत नाही तिथे उभा होता. एकतीस वर्षं बँकेत काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय. ज्या नियमाची तपासणी करता येत नाही, त्याला नियम म्हणत नाहीत, सुविचार म्हणतात. तो फळ्यावर लिहावा. मी खेळ थांबवला आणि स्वयंपाकघरात गेलो.

"वहिनी, देवघरातली घंटा द्या."

"अहो भावजी, कशाला?"

"कोपरासाठी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सरबताच्या ग्लासाकडे. "उपास आहे ना तुमचा?" त्यांनी खात्री करून घेतली. मग घंटा दिली. "पण चंद्रोदयाला आरतीसाठी परत हवी हं."

दोन झाडूंचे दांडे टेबलाच्या कडेला दोन बाजूंना बांधले, त्यांच्यामध्ये कोपराच्या उंचीवर सुतळी ताणली, सुतळीला घंटा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अशीच सुतळी, तिला पुतणीच्या भरतनाट्यमच्या घुंगरांचा पट्टा. कोपर पुढे गेलं की आवाज होणार. नियम तिसरा, माझ्या हस्ताक्षरात: 'घंटा अथवा घुंगरू वाजल्यास फेक बाद.' ना अंश, ना विवेकबुद्धी, ना चष्मा. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आमचे मुख्य शाखाधिकारी असते तर सर्क्युलर काढलं असतं.

हा अभिमान साधारण सहा मिनिटं टिकला. मग वारा सुटला. टेबल टेनिसचा चेंडू पावणेतीन ग्रॅमचा, त्याला वाऱ्याने कुठे नेलं याची तक्रार आधीच चालू होती. आता घुंगरंही वाऱ्यावर नाचू लागली. शिवाय घुंगरू घंटेपेक्षा हळवं, म्हणून ज्यांच्या वाट्याला घुंगरू आलं त्यांनी अन्यायाची दाद मागितली. आठवा नियम: दर डावाला टोकं बदलायची. नववा: वाऱ्याने वाजलेलं घुंगरू धरायचं नाही. आणि वाऱ्याने वाजलं की कोपराने, हे कोण ठरवणार? मी. म्हणजे फिरून मी आणि माझा वाचायचा चष्मा.

फुंकरीचं प्रकरण तर मी कोणाला सांगणारच नव्हतो. चेंडू कधी कधी कपात पडतो पण लगेच बुडत नाही, कपाच्या आतल्या भिंतीवर गरगर फिरत राहतो. बऱ्याच ठिकाणी असा रिवाज आहे की तो बिअरला टेकण्याआधी बायकांनी फुंकर मारून बाहेर काढला तर चालतो आणि पुरुषांनी बोटाने काढला तर चालतो. ठाण्याची मुलगी भडकली. "आम्ही फुंकायचं आणि यांनी बोटं घालायची? का?" तिकडे मिनेसोटावाल्याने आपलं बोट कपात मावत नाही म्हणून फुंकरीचा हक्क मागितला. मला आमच्या आजीची फुंकणी आठवली. तिच्या काळी चुलीपुढे फुंकर कोणी घालायची यावर कोणी स्पर्धा भरवली नव्हती.

पण माझी अडचण वेगळीच होती. चेंडू बिअरला टेकला होता की नव्हता, हे बघायला कपात डोकं घालावं लागतं, आणि त्या क्षणी कपात डोकं घालून बसलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे फुंकणारा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी दहावा नियम लिहिला: 'फुंकर, बोट दोन्ही बंद. चेंडू आत गेला की गेला.' दोन्ही बाजू नाराज झाल्या. दोन्ही बाजू सारख्याच नाराज असल्या तर ऑडिटर समाधानी असतो.

कप पुन्हा जुळवून मांडायचं भांडण ('रिरॅक' म्हणतात त्याला), फेकताना समोरून किंचाळावं की नाही याचं भांडण, गवतात पडलेला चेंडू ज्या पाण्याच्या कपात बुचकळून घेतात त्या पाण्याच्या रंगाचं भांडण, ही सगळी मी पटापट मिटवली. ते पाणी तर मी स्वतःच ओतून दिलं. आमच्याकडे तीर्थसुद्धा एवढं गढूळ नसतं.

रात्रीचे साडेदहा झाले होते. माझ्या पोटात साबुदाण्याची सकाळची खिचडी केव्हाच इतिहासजमा झाली होती. उपास सोडायचा तर चंद्र दिसायला हवा. आणि ढग असले तर? मग पंचांगातली वेळ. म्हणजे बघा, संकष्टीच्या नियमाला पंच आहे, आणि पंच हजर नसेल तर काय करायचं तेही ठरलेलं आहे. पण सोलापूरहून निघणाऱ्या पंचांगात एडिसनचा चंद्रोदय नसतो, म्हणून वहिनी फोनवर बघत होत्या. दहा चाळीस, शेजाऱ्यांच्या गॅरेजवरून.

अंतिम सामना. एका बाजूला पुतण्या आणि मिनेसोटा. दुसऱ्या बाजूला ठाणे आणि तिचा जोडीदार, एक कोरियन मुलगा, जो संध्याकाळभर एक शब्दही न बोलता नेम धरत होता. तो मला मनापासून आवडला. त्यानेच पुतण्याचा शेवटचा कप उडवला. पण खेळात एक शेवटची संधी असते: हरणाऱ्यांनी चुकेपर्यंत फेकत राहायचं, आणि समोरचे उरलेले सगळे कप पाडले तर डाव पुन्हा जिवंत. समोर एकच कप उरला होता. मिनेसोटावाला घंटेच्या टोकाला उभा राहिला. अंगण चिडीचूप झालं. त्याने हात मागे नेला.

"भावजी! चंद्र!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली.

मी वळलो. खरोखर, गॅरेजच्या कौलांवर पिवळाधमक, आता कापायच्या हापूससारखा. आपसूक हात जोडले गेले. त्याच क्षणी मागे चेंडू कपात पडल्याचा 'टप्' आवाज आला. आणि त्याच क्षणी घंटा वाजली.

"बाद!" ठाणे ओरडलं.

"घंटा कुठंय?" पुतण्या ओरडला. मी मागे वळून पाहिलं. सुतळीला काहीच नव्हतं. वहिनींनी पाच मिनिटांपूर्वी, मी फुंकरीच्या जुन्या प्रकरणात अपील ऐकत असताना, घंटा सोडून आरतीला नेली होती. आतून 'सुखकर्ता दुखहर्ता' सुरू झालं होतं. घंटेसकट.

"काका," ठाणे अतिशय शांतपणे म्हणालं, आणि माझ्या पोटात गोळा आला, "नियम तिसरा वाचा. 'घंटा अथवा घुंगरू वाजल्यास फेक बाद.' कुठली घंटा, ते लिहिलेलं नाही."

"अगं पण ती देवाची!"

"आधीही देवाचीच होती."

बावीस माणसं माझ्याकडे बघत होती. मसुदा माझा होता. कोपर मी पाहिलं नव्हतं, चेंडू मी पाहिला नव्हता. त्या क्षणी जगात मी पाहिलेली एकच गोष्ट होती आणि ती गॅरेजवर होती. मी अंगठा ओठाला लावला, "टॅम्प्लीज" म्हणालो आणि आरतीला आत गेलो. पाच मोदक खाल्ले. सहावा वहिनींनी वाढला.

बाहेर आलो तेव्हा अंगणात पुतण्या सोडून कोणी नव्हतं. मंडळी पिझ्झा मागवत पुढच्या दारी गेली होती. कुत्रा टेबलाखाली झोपला होता, तोंडात चेंडू. पुतण्याने रिकाम्या अंगणात एकट्याने कप गोळा केले आणि मला पाहून कोपरापासून नमस्कार केला.

सकाळी चहाला दूध काढायला फ्रिजकडे गेलो तर कागदावर खाली, वेगळ्याच शाईत आणि दोन सह्यांसकट, बारावा नियम होता: 'पंचाला संकष्टी नसावी.'