विचारणारा माणूस कच्चा नसतो

‘निर्णय घेताना कुणाला विचारू नका. आपलं आपल्यालाच जास्त कळतं, दहा जणांचं ऐकलं की गोंधळ होतो, आणि विचारतो तो कच्चा.’ कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. तरुण पोरं तो मनावर घेतात, म्हणून हे उत्तर.

आपलं आपल्याला जास्त कळतं? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इलान यानिव आणि त्यांचे सहकारी एली क्लाइनबर्गर यांनी २००० साली प्रयोग मांडले. लोकांनी आधी स्वतःचा अंदाज द्यायचा, मग दुसऱ्याचा बघायचा, मग शेवटचा आकडा सांगायचा. लोकांनी दुसऱ्याच्या मताला स्वतःच्या मतापेक्षा कमीच वजन दिलं. आपल्या मतामागची कारणं आपल्याला ठाऊक असतात, समोरच्याची नसतात, असा त्यांचा खुलासा. म्हणजे आपला रोग जास्त ऐकण्याचा नाहीच. आणि त्याची किंमत मोजावी लागते. शिरोळकडच्या एखाद्या मळ्यात उसाचा अंदाज धरा. तुम्ही म्हणता एकरी ५० टन, शेजारचे आप्पा म्हणतात ३८. काट्यावर भरला ४२. तुमची चूक ८ टनांची, आप्पांची ४. दोघांचा मध्य ४४, चूक फक्त २. दोघंही एकाच बाजूला चुकला असता, तरी मध्याची चूक दोघांच्या चुकांच्या सरासरीपेक्षा वाढली नसती.

दहा जणांमुळे गोंधळ होतो, हे अर्धंच खरं. इंग्लंडात प्लिमथच्या प्रदर्शनात लोकांनी बैलाच्या सोललेल्या मांसाचं वजन चिठ्ठीवर लिहिलं होतं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०७ साली त्यातल्या ७८७ चिठ्ठ्यांचा हिशोब छापला. लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्यावर मधोमध येणारा अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. पण तिथं प्रत्येकानं आपापली चिठ्ठी भरली होती. आपण चहाच्या टपरीवर सगळ्यांना एकदम विचारतो. पहिला वडीलधारा बोलला की बाकीचे मान डोलावतात, आणि दहा मतांचं एकच मत होतं. एकेकाला वेगळं गाठा. ‘काय करू?’ एवढ्यावर थांबू नका, ‘असं का वाटतं?’ हेही विचारा.

राहिला कच्चेपणा. ठासून बोलणाऱ्यावर आपला विश्वास पटकन बसतो, पण ठाम आवाज म्हणजे माहिती नव्हे. उद्यमनगरात नवं मशीन घ्यायचं असेल तर विकणाऱ्याइतकंच, खरं तर त्याच्याआधी, ते मशीन वर्षभर चालवलेल्या कारागिराला विचारा. तेही बँकेच्या कागदांवर सही करायच्या आधी. सही झाल्यावर आपण फक्त ‘बरोबर केलंस’ म्हणणारा माणूस शोधत फिरतो.