विमान लेट झालं? मग पेढे वाटा, भाऊ!

विमान लेट झालं म्हणून कपाळाला हात लावून बसलात? वेळेवर सुटलं असतं तर तुम्हाला नुसती मुंबई मिळाली असती. आता मुंबईही मिळेल आणि वर नुकसानभरपाईही. ती कशी मिळवायची ते मी सांगतो. गेल्या महिन्यात बाबांना घेऊन नागपूरहून मुंबईला गेलो, तेव्हापासून या विषयातला घाटंजी तालुक्यातला सगळ्यात जाणता माणूस मीच आहे. दुसरा कोणी असेल तर त्यानं भेटावं, चहा माझ्याकडून.

सुरुवात अशी करा की तुम्ही स्वतः वेळेत पोचा. रात्री ९.४० च्या विमानासाठी आम्ही सकाळी अकराची एसटी धरली, यवतमाळला गाडी बदलली, चिंचभुवनला उतरलो, ऑटोवाल्याशी वीस रुपयांवरून भांडलो आणि संध्याकाळी सहाला दारात हजर. तुम्ही पाच मिनिटं उशिरा गेलात तर काउंटर बंद आणि पैसे बुडाले. उशीर करायचा मान फक्त त्यांचा, आपण त्यात हात घालू नये.

मोबाईल घरूनच पूर्ण चार्ज करून न्या.

आता घड्याळाकडे लक्ष द्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. हे नियम डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं केलेले आहेत, माझ्या मनचे नाहीत. प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल आणि विमान दोन तास किंवा जास्त लेट असेल, तर प्रवाशाला खायला-प्यायला द्यायचं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत. आणि विमान रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारं असेल व उशीर सहा तासांच्या वर गेला, तर हॉटेलात खोली द्यायची. वाचून कसं बरं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. आमचं विमान ९.४० चं, म्हणजे आम्ही खोलीच्या वेळेत अगदी फिट बसत होतो. साडेनऊला मेसेज आला, आता १०.४५. मग १२ वाजता. मग १.१५. मग २.३०. कारण विचारलं तर 'परिचालन कारण'. म्हणजे काय हो? 'म्हणजे परिचालन, सर.' बाबा लोखंडी खुर्चीत चादर पांघरून बसलेले. त्यांचा आयुष्यातला पहिला विमानप्रवास. ते म्हणाले, ''एसटी बरी रे बाप्पा. बंद पडली तं खाली उतरून ढकलता तरी येते.'' एकदम सांगितलं असतं की पहाटेशिवाय हलणार नाही, तर पैसे परत मागून आम्ही सरळ स्टेशन गाठलं असतं. पण बकऱ्याला जसा पाला दाखवत दाखवत बाजारापर्यंत नेतात, तसं आम्हाला सव्वा-सव्वा तासानं पुढं नेलं. आणि विमान हललं किती वाजता? ३.३५ ला. करा हिशेब. पाच तास पंचावन्न मिनिटं! खोली पाच मिनिटांनी हुकली. याला योगायोग म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, मी कापूस मोजून विकणाऱ्या घरातला आहे, काट्यावर बोट कुठं ठेवतात ते मला समजतं.

खायला काय मिळालं? दोन थंड सामोसे आणि रसाचं एक पाकीट. बाबांना शुगर आहे.

भरपाईकडं वळू. इथं एक बारीक गोष्ट समजून घ्या. विमान रद्द झालं आणि तुम्हाला आधी कळवलं नसेल, तर एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते मिळतं. जास्त असेल ते नाही, कमी असेल ते. धुकं, वादळ, संप असलं काही त्यांच्या हाताबाहेरचं कारण निघालं तर तेही नाही. पक्कं तिकीट असूनही चढू दिलं नाही तर वेगळा हिशेब. आणि नुसता उशीर? देशातल्या देशात त्याला रोख रकमेचा आकडाच नियमात ठरवलेला नाही. सामोसा, पाणी, पुढं खोली, बास. म्हणून तुम्ही देवाकडं मागताना 'विमान वेळेवर सुटू दे' असं मागू नका, 'रद्द होऊ दे' म्हणा.

मी विचारलं, उशिराचा पंचनामा कोण करतं? काउंटरवरची पोरगी हसली. ती बिचारी काय करणार, तिलाही कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पण पीकविम्याचा दावा केलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथं ७२ तासांत कळवा, इथं ई-मेल करा. तिथं सातबारा, इथं बोर्डिंग पास. तिथं फोन लागत नाही, इथं लागतो आणि चाळीस मिनिटं सांगतो की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपल्या भागातल्या लोकांना या कामाचं वेगळं शिक्षण लागत नाही, ते घरीच झालेलं असतं.

ॲपवरच्या बाईशी भांडू नका, ती बाई नाही.

माझ्या ई-मेलला एकोणीस दिवसांनी विमान कंपनीचं उत्तर आलं. त्यांना दिलगिरी वाटली होती, आणि त्या दिलगिरीचं त्यांनी पाचशे रुपयांचं कूपन केलं होतं. पुढच्या तिकिटावर चालेल, मुदत नव्वद दिवस. म्हणजे घाटंजीच्या माणसानं तीन महिन्यांत पुन्हा विमानात बसायचं, आणि त्याच विमानात बसायचं, तेव्हा त्याचे पाचशे वाचणार. आमच्या गावात याला भरपाई म्हणत नाहीत. जे म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही.

आता खरं सांगतो, विनोद करायचा मला कंटाळा आला आहे.

आम्ही मुंबईला फिरायला गेलो नव्हतो. बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होतं, सकाळी नऊला, दोन महिने आधी मिळालेली तारीख. पाचला उतरलो, भावाच्या घरी तोंड धुतलं आणि गेलो. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, शुगर पाहिली, विचारलं रात्री झोपले होते का. बाबा म्हणाले, ''खुर्चीवर होतो जी.'' ऑपरेशन झालं नाही. पुढची तारीख दीड महिन्यानं. त्या दीड महिन्यात त्या डोळ्याचं काय होईल ते तुमच्या परिचालन विभागाला विचारू का?

लाज वाटत नाही का रे? बहात्तर वर्षांच्या माणसाला रात्रभर लोखंडावर बसवता, दर तासाला खोटी वेळ सांगता आणि वर कूपन पाठवता? नऊ वाजताच माहीत होतं ना? मग तेव्हाच बोलायचं होतं. नव्हतं माहीत, तर तेही बोलायचं होतं. तोंडात काय गुळणी धरली होती?

आणि आपण? विमानभर माणसं होतो. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, शिव्या दिल्या, सामोसे खाल्ले आणि उतरल्यावर बॅगा ओढत निघून गेलो. चार जणांनी मिळून तरी लेखी द्या म्हणालो तर लोक म्हणाले, जाऊ द्या हो, कोण पडतं त्यात. अरे, पडा ना! विमानाच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, त्यावर तक्रार टाका, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिकिटामागं बारीक अक्षरात दूरच्या शहरातल्या कोर्टाचं नाव छापलंय म्हणून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्याच ग्राहक आयोगात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. मेसेज मात्र पुसू नका. मी दर मेसेजचा आणि विमानतळावरच्या पाटीचा फोटो वेळेसकट ठेवला, डॉक्टरांचा कागद लावला आणि यवतमाळला तक्रार दाखल केली आहे. कूपन परत पाठवलं.

पुढच्या तारखेसाठी बाबांनी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढायला लावलं आहे. वेटिंग चौदा आहे.