खुलासा: ४२ या आकड्यात कोणताही गुप्त संकेत नाही

डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या विनोदी विज्ञानकथा-मालिकेचे चाहते एकमेकांना कोणत्याही प्रश्नावर ‘४२’ असं उत्तर देतात. मालिकेतला महासंगणक ७५ लाख वर्षं विचार करून जीवनाच्या अंतिम प्रश्नाचं हेच उत्तर देतो. सध्या फिरणारा दावा असा, की संगणकाच्या आस्की संकेतावलीत (प्रत्येक अक्षर-चिन्हाला आकडा देणाऱ्या यादीत) ४२ म्हणजे तारांकन (*), आणि संगणकावर शोधताना तारांकन म्हणजे ‘काहीही’; आणि लेखकाने हे मुद्दाम लपवलं होतं.

संकेतावलीबद्दलची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चूक. अ‍ॅडम्स यांनी १९९३ मध्ये स्वतःच सांगितलं होतं, की तो निव्वळ विनोद होता. साधा, लहानसा आकडा हवा होता, तो त्यांनी निवडला. द्विमान पद्धती, दहाऐवजी तेरावर आधारित गणित वगैरे तर्क त्यांनी स्पष्ट नाकारले.

तेराचा तर्क कुठून आला? मालिकेत पुढे प्रश्न निघतो ‘सहा गुणिले नऊ किती?’ उत्तर ५४, आणि तेराच्या पद्धतीत ५४ (चार वेळा तेरा, अधिक दोन) खरंच ‘४२’ असं लिहितात. हा योगायोग चाहत्यांनीच शोधला, म्हणून मला तो फार आवडतो! त्याचं श्रेय त्यांचंच राहू द्या.

चाहते २५ मे रोजी लेखकाच्या आठवणीत टॉवेल दिन पाळतात, त्याचंही श्रेय चाहत्यांचंच. २५ मे हा अ‍ॅडम्स यांचा जन्मदिवस नाही, स्मृतिदिनही नाही. ११ मे २००१ रोजी ते गेले. दोन आठवड्यांनी चाहत्यांनी, मालिकेत प्रवाशाची सर्वांत उपयोगी वस्तू मानलेला टॉवेल जवळ बाळगून त्यांची आठवण जागवली. तीच तारीख पुढे कायम झाली.