घरचं आणि धंद्याचं

शुक्रवारी संध्याकाळी टॅली बंद करून मी उठणार, तेवढ्यात मेल आला. पुण्याची एक कंपनी आमच्याकडून हिशेबाचं काम करून घेते. आमच्या सांगलीच्या ऑफिसचं भाडं तिच्याच जिवावर निघतं. तिनं एक्सेलमध्ये अठ्ठेचाळीस प्रश्न पाठवले होते. सातवा असा : ‘तुमच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमची कोणती आवृत्ती आहे? व्यावसायिक वापराचा परवाना आहे का?’

आमच्याकडे चार लॅपटॉप. घेताना दुकानदारानं जीएसटीचं बिल दिलं आणि बॅग-माउस फुकट दिले, एवढीच परवान्याबद्दलची माझी माहिती. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, विंडोजचं बटण आणि आर दाबा, विनव्हर टाइप करा.” केलं. चौकटीत उमटलं, विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज. खाली परवानाधारकाचं नाव होतं ‘यूजर’. या नावाचा माणूस माझ्या पगारपत्रकावर कधीच नव्हता.

सिंगल लँग्वेजचा अर्थ भाच्यानं सांगितला. विंडोजची बटणं-मेनू एकाच भाषेत दिसणार, जोडीला दुसरी घेता येत नाही. आमच्या घरात एका भाषेवर कधी भागलंय? बायको बेळगावची. हिशेब मराठीत मागते, भांडते कन्नडमध्ये. पण मला त्या भाषेपेक्षा ‘होम’ टोचत होतं. होम म्हणजे घर, आणि आम्ही त्यावर अडत्यांची जीएसटी रिटर्न भरत होतो. घरगुती गॅस सिलिंडरवर हॉटेल चालवणाऱ्यांवर धाडी पडतात, त्या बातम्या एकेक आठवायला लागल्या.

बायको म्हणाली, “अहो, लॉकडाउनमध्ये ऑफिस आपल्या जेवायच्या टेबलावरच होतं की. तेव्हा होमच होतं ना?” मुद्दा बिनतोड होता, पण एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.

दुकानदाराला विचारलं. “साहेब, सगळीकडं होमच चालतंय की ओ. घाबरताय कशाला?” चालतंय आणि चालू शकतं यात फरक असतो, हे ज्याची पोटपूजाच कर सल्ल्यावर चालते त्याला सांगावं लागत नाही.

मग रात्री जेवण झाल्यावर मी आयुष्यात प्रथमच परवान्याचा करार वाचला. आजवर किमान पन्नास वेळा ‘मान्य आहे’वर टिचकी मारली असेल. इतकी संमती मी लग्नातसुद्धा दिली नव्हती. दोनदा वाचला, पेन्सिल घेऊन. होम आवृत्ती धंद्यासाठी वापरू नये, असं वाक्य त्यात कुठंच नाही. उलट इतर २० यंत्रांपर्यंत तुमच्या फाइली आणि प्रिंटर वापरू देता येतील, असं त्यात लिहिलंय. आमच्याकडे एकूण यंत्रं चार, त्यातलं एक प्रिंटर नीट असेल त्या दिवशीच चालतं.

जुन्या विंडोज एक्सपीचा काळ मी पाहिलाय. तेव्हाच्या होममध्ये शेअर केलेल्या फोल्डरात एका वेळी पाचच जोडण्या, प्रोफेशनलमध्ये दहा. पाच जण आत असले की सहाव्यानं दाराबाहेर उभं राहायचं. मार्चअखेरीस आमच्या जुन्या ऑफिसात यावरून शब्दशः आरडाओरडा व्हायचा : “कोण बसलंय रे आत? उठा, मला लेजर बघायचाय!” आता होममध्ये कमी आहे ते दुसरंच. कंपनीच्या डोमेनला, म्हणजे सगळ्या यंत्रांचा कारभार एका जागेवरून पाहणाऱ्या जाळ्याला, जोडता येत नाही, यंत्रांना नियम लावणारी ग्रुप पॉलिसी नाही, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपनं त्यात शिरता येत नाही. ही सगळी सोयींची यादी झाली, गुन्ह्यांची नाही. विंडोजची प्रो आवृत्ती घेतात ती यासाठी.

जीव भांड्यात पडला. एवढ्यात लक्षात आलं, की पुण्याला पाठवायचं उत्तर मी वर्डमध्ये लिहितोय. सहज फाइलमधल्या अकाउंटवर गेलो. लिहिलं होतं : ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१.

लॅपटॉपबरोबर आलं होतं, ‘ऑफिस फुकट’ म्हणून. याचाही करार उघडला, आणि तिथं ते वाक्य होतं. व्यापारी कामासाठी वापरता येणार नाही. म्हणजे ज्याच्या नावात नुसतं घर, ते धंद्याला चालतं. आणि ज्याच्या नावातच ऑफिस, ते ऑफिसात चालत नाही. धंद्यासाठीचं होम अँड बिझनेस वेगळं, त्याचे पैसे वेगळे.

आणि मला घाम फुटला तो एका जुन्या आठवणीनं. वर्ड २००७ची होम अँड स्टुडंट आवृत्ती माझ्याकडे होती. तिच्या वरच्या पट्टीवर, फाइलच्या नावाशेजारी, चक्क लिहिलेलं असायचं ‘नॉन-कमर्शियल यूज’. मी ते पाच वर्षं रोज वाचलं. आयकर खात्याच्या नोटिसांना उत्तरं त्याच पट्टीखाली टाइप केली. मी बी.कॉम.; मला वाटायचं, हे आर्ट्सवाल्यांना लिहिलंय.

कॉपीराइट कायदा १९५७चं कलम ६३ब उघडायची बुद्धी मला रात्री पावणेबारा वाजता झाली. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरलेलं नसेल तर कैद माफ होऊ शकते. माझी नजर ‘जाणूनबुजून’वर खिळली. साडेनऊपर्यंत मी निर्दोष होतो. करार वाचला आणि जाणता झालो. ‘मान्य आहे’वर टिचकी मारून झोपलो असतो तर काय बिघडलं असतं?

सकाळी वकील मित्राला उठवला. तो हसून म्हणाला, “ते कलम चोरीच्या प्रतीसाठी आहे. तू पैसे मोजून लॅपटॉप घेतलायस. तुझा भंग कराराचा. घे आता बिझनेसचं आणि झोपू दे मला.” घेतलं. सोबत दोन प्रोही घेतले, कारण पुण्याच्या एकोणिसाव्या प्रश्नात डोमेन निघालं. आवृत्ती बदलताना परवान्याची की टाकली, लॅपटॉप एकदा बंद होऊन चालू झाला, पाचेक मिनिटांत होमचं प्रो झालं. फाइली जागच्या जागी. वॉलपेपरसुद्धा तोच, मुलाच्या बारशाचा. मी उगाच काहीतरी भव्य घडेल म्हणून चहा घेऊन बसलो होतो.

जुन्या लॅपटॉपांपैकी एक आता घरी आलाय, होम अँड स्टुडंटसकट. मुलगा आठवीत आहे, म्हणजे होमही झालं आणि स्टुडंटही. तो त्यावर विज्ञानाचा प्रकल्प करतो आणि मी तिकडे पाहून समाधानी होतो. परवा मात्र आई वही घेऊन आली. “बाळ, बायकांच्या भिशीची यादी जरा टाइप करून दे. बारा जणी, दोन-दोन हजार, कुणाचा नंबर कधी तेही लिही.”

मुलाचा लॅपटॉप समोर उघडा होता. भिशी हा व्यापार की घरगुती मामला, हे विचारायला वकिलाला फोन लावलाय. तो उचलत नाही. आई वही उघडून शेजारी बसलीय.