पॅनेल आणि प्रशिक्षणाबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

मॅडम, नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. आम्ही आपल्या शाळेत बसवलेल्या पॅनेलवर, म्हणजे स्पर्शाने चालणाऱ्या डिजिटल फळ्यावर, पेन टेकवलं एकीकडे आणि रेघ उमटली भलतीकडे, भर वर्गात मुलांसमोर आपली पंचाईत झाली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आमचा माणूस येऊन पाहून जाईल.

पण "फाउंडेशनच्या देणगीतून बिल काढलं आणि प्रशिक्षण अर्ध्या तासात गुंडाळलं" हे आपलं वाक्य फार लागलं. आमचं पोट शाळांच्या विश्वासावर चालतं आणि हे वाक्य आता प्रत्येक शाळा वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रशिक्षण ही आमची मेहेरबानी नव्हती. फाउंडेशनच्या मंजुरीपत्रातच दोन-दोन तासांची दोन सत्रं होती. एक पॅनेल बसवल्यावर, दुसरं शिक्षकांनी काही आठवडे वापरून पाहिल्यावर. मंजुरी देणाऱ्या समितीने दुसऱ्या सत्राचा मुद्दाम आग्रह धरला होता आणि तो अगदी योग्य होता. खऱ्या अडचणी वापरायला लागल्यावरच कळतात: फळ्यावर लिहिलेलं सेव्ह कसं करायचं, गैरहजर मुलांना कसं पाठवायचं, इंटरनेट गेलं तर धडा कसा चालू ठेवायचा. देणगीतून यंत्र आलं पण शिक्षकाचा हात बसला नाही, तर त्याचा नुसता व्हिडिओ दाखवायचा पडदा होतो.

आपण म्हणता त्या सत्राच्या दिवशी आमच्या प्रशिक्षक ताई पूर्ण दोन तासांची तयारी करून आल्या होत्या. अर्ध्या तासाने उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणून सगळे शिक्षक उठले, त्यात आपणही होता. शिक्षकांच्या मागे किती कामं असतात ते रोज पाहतो, त्यामुळे दोष देत नाही. पण कुणी परत आलं तर दाखवता यावं म्हणून ताई शाळा सुटेपर्यंत हॉलमध्ये थांबल्या होत्या. हजेरीच्या कागदावर वेळ लिहिलेली आहे. राहिलेल्या दीड तासाचे पैसे आम्ही बिलात लावलेले नाहीत. बिलाची प्रत फाउंडेशनकडे आहे, कृपया मागवून पाहा.

आणि रेघ भलतीकडे उमटण्याची गोष्ट त्या राहिलेल्या भागातच होती. आपलं पॅनेल इन्फ्रारेडचं आहे. चौकटीच्या कडांमधून न दिसणारे किरण सुटतात, बोट किंवा पेन मध्ये आलं की ते अडतात आणि जागा कळते. कडेला खडूची धूळ साचली किंवा खिडकीतून थेट ऊन आलं तरी पॅनेलला स्पर्श झाल्यासारखं वाटतं. आपल्या वर्गात खडूचा फळा अगदी शेजारी आहे. पॅनेल बंद करून कडा मऊ, कोरड्या कपड्याने रोज पुसाव्यात आणि त्या बाजूचा पडदा ओढून घ्यावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

यापुढे सत्राची वेळ मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठरवू, माहितीपत्रक वगैरेही देऊ. राहिलेला भाग आपल्या सोयीने घ्यायला ताई पुन्हा येतील. स्टार कमी दिलेत ते राहू द्या, पण "गुंडाळलं" हा शब्द तेवढा बदलता आला तर पाहा, ही विनंती.